कोड ब्लूची मॉक ड्रिल: मॅनिकिन नंतर बघू, आधी पहिली दोन मिनिटं बसवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: हॉस्पिटलमध्ये सगळ्यांचे बीएलएस, एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर काय करायचं याचे प्राथमिक आणि पुढचे कोर्स) झालेत, सर्टिफिकेटं फायलीला लागलीत, तरी खरा कोड ब्लू (पेशंटचं हृदय बंद पडलं म्हणून टीमला तातडीची हाक) झाला की बेडभोवती पंधरा माणसं आणि नुसता गोंगाट, आणि कन्सल्टंट तर ड्रिलला येतच नाहीत. आता मॅनेजमेंट ते महागातलं, डोळे मिचकावणारं, श्वास घेणारं मॅनिकिन, म्हणजे सरावाची बाहुली, घ्यायला तयार झालंय, तर सिम्युलेशन ट्रेनिंग कुठून आणि कसं सुरू करायचं.

सरळ सांगते, मॅनिकिनपासून सुरुवात करू नका. मी आयसीयूत सिस्टर म्हणून १९ वर्षं काढलीत, त्यातली शेवटची ११ ड्रिल घेण्यात गेली, आणि मॅनिकिन आधी आलं की काय होतं ते मी जवळून बघितलंय. त्याच्यासाठी एक खोली होते, खोलीला कुलूप लागतं, किल्ली एकाच माणसाकडे राहते, उद्घाटनाचे फोटो निघतात आणि सहा महिन्यांनी ते बिचारं चादरीखाली झोपलेलं असतं. वॉर्डात मात्र तोच गोंधळ, कारण गोंधळ वॉर्डात होता आणि ट्रेनिंग खोलीत झालं.

कोर्स वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, अल्गोरिदम डोक्यात बसायला तो लागतोच. पण कोर्समध्ये बेड मोकळा असतो, आणीबाणीच्या सामानाची ट्रॉली हाताशी असते, डिफिब (शॉक देणारं मशीन) आधीच चालू करून ठेवलेला असतो आणि समोरच्या पाचही जणांना माहीत असतं की आता अरेस्ट होणारे, म्हणजे हृदय बंद पडणारे. वॉर्डात काय असतं? पहाटे चारला एक सिस्टर राऊंड घेताना पेशंटला हाक मारते आणि तो ओ देत नाही. तिच्या जोडीला त्या क्षणी एक मावशी, बास. कोड टीम लिफ्टची वाट बघत असते तोवर जे काही व्हायचं ते या दोघींच्या हातून होणार, आणि हा सीन कोर्समध्ये कोणी करूनच घेत नाही. शिवाय हाताची सवय मोडते ती वेगळीच. कोर्स झाल्यावर तीन ते सहा महिन्यांत कॉम्प्रेशनची, म्हणजे छाती दाबण्याची, क्वालिटी घसरायला लागते, सर्टिफिकेट मात्र दोन वर्षं चालतं.

या पहिल्या दोन मिनिटांवर मी एवढी का अडून बसते, तर २००८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक मोठा अभ्यास आला होता. अमेरिकेतली ३६९ हॉस्पिटलं, ६७८९ पेशंट, सगळ्यांना हॉस्पिटलमध्येच अरेस्ट झालेला आणि रिदम (मॉनिटरवर दिसणारी हृदयाची लय) शॉक देण्याजोगा. म्हणजे डॉक्टर आहेत, मशीन आहे, सगळं आहे. तरी ३० टक्के पेशंटना पहिला शॉक दोन मिनिटांनंतर मिळाला. वेळेत मिळालेल्यांपैकी ३९.३ टक्के जिवंत घरी गेले, उशीर झालेल्यांपैकी २२.२ टक्के. हा फरक काही कोणत्या नव्या औषधाचा नाही, ट्रॉली कोणी आणली आणि पॅड कोणी लावले याचा आहे. म्हणून माझं पहिलं ड्रिल नेहमी दोनच माणसांचं असतं आणि दोनच मिनिटांचं. हाक, खांदे हलवणं, श्वास आणि नाडी मिळून दहा सेकंदांच्या आत, ओरडून मदत, कोडचा नंबर, हात छातीवर, दुसरी व्यक्ती ट्रॉली घेऊन, पॅड लावले, रिदम बघितला, गरज असेल तर शॉक. इथे थांबायचं. अ‍ॅड्रिनॅलिन नाही, इन्ट्युबेशन (श्वासनलिकेत ट्यूब टाकणं) नाही, एच आणि टी ची, म्हणजे अरेस्टच्या कारणांच्या यादीची, उजळणी नाही. लोकांना हे फारच बाळबोध वाटतं, आणि स्टॉपवॉच लावलं की पहिल्या खेपेला एकही वॉर्ड दोन मिनिटांत शॉकपर्यंत पोचत नाही, निदान मी तरी अजून बघितलेला नाही.

आता जागा. ड्रिल वॉर्डातच, रिकाम्या बेडवर, त्या वॉर्डाच्या स्वतःच्या ट्रॉलीवर आणि त्या वेळी ड्युटीवर असलेल्या माणसांनाच घेऊन. का, ते एका प्रसंगातून सांगते. मेडिसिनचा वॉर्ड होता, दुपारचे अडीच. बेड नंबर ७ वर अर्धं धड असलेलं साधं मॅनिकिन ठेवलं, गाऊन घातला आणि तिथल्या सिस्टरना सांगितलं की सातवाले पेशंट बोलत नाहीयेत. मुलगी हुशार होती, दोनच वर्षांचा अनुभव पण हात चांगला. सात सेकंदांत ओरडली, बेल दाबली, लगेच कॉम्प्रेशन सुरू, वेग अगदी बरोबर. पण मॅनिकिनचा फीडबॅकचा दिवा काही हिरवा होईना. ती दाबतेय, कपाळावर घाम आलाय, बाकीचे "अजून जोरात, अजून जोरात" करतायत आणि दिवा लालच. कारण खाली एअर मॅट्रेस. तिचा हात खाली पुरेसा जात होता पण त्यातलं अर्धं गादीच खात होती. अशा गादीला हवा सोडायची एक लाल पट्टी असते, तिच्यावर सीपीआर असं लिहिलेलं असतं, ओढली की गादी फुस्स होऊन खाली बसते. त्या वॉर्डात तशा आठ गाद्या होत्या आणि ड्युटीवरच्या एकाही सिस्टरला, एकाही डॉक्टरला ती पट्टी माहीत नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नव्हती, आमच्या आयसीयूतल्या गाद्या वेगळ्या. पट्टी दाखवली ती मावशींनी. मागे उभ्या राहून बघत होत्या, शेवटी न राहवून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "अहो सिस्टर, ती लाल ओढा ना, गादी धुवायला काढताना आम्ही तीच ओढतो." त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक ड्रिलमध्ये मावशी आणि मामा टीमचा भाग आहेत, प्रेक्षक नाहीत. छाती दाबताना पाठीखाली सरकवायचा हार्ड बोर्ड कुठे आहे, पायाखालचा स्टूल कुठे आहे, सिलिंडरची चावी कुठे टांगलीय, बेडची डोक्याकडची फळी कशी निघते, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. ट्रेनिंग रूममध्ये हे मला दहा वर्षांत कळलं नसतं कारण तिथलं मॅनिकिन टेबलावर असतं.

अशा गोष्टी प्रत्येक वॉर्डात निघतातच, फक्त वेगवेगळ्या. ट्रॉलीला कुलूप आणि किल्ली इनचार्ज सिस्टरच्या ड्रॉवरमध्ये. लॅरिंगोस्कोपची (ट्यूब टाकताना घशात बघायचं साधन) बॅटरी उतरलेली. एका वॉर्डात डिफिब बदलून दुसऱ्या कंपनीचा आला होता पण ट्रॉलीत पॅड जुन्याचेच, कनेक्टर बसतच नव्हता, आणि चेकलिस्टवर रोज "पॅड आहेत" म्हणून टिक होत होती. टिक खोटी नव्हती हो, पॅड होतेच! एकदा तर कोडचा फोन लावला आणि ऑपरेटरने दुसऱ्याच मजल्याचं नाव अनाउन्स केलं कारण दोन वॉर्डांची नावं ऐकायला सारखी होती, टीम धावत धावत भलतीकडे. ड्रिलमध्ये झालं म्हणून हसलो, खऱ्या वेळी कोणी हसलं नसतं.

म्हणून एक रजिस्टर ठेवा. ड्रिलमध्ये सापडलेली वस्तूची, जागेची, फोनची अशी प्रत्येक चूक त्यात लिहायची, पुढे जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख, आणि पुढच्या ड्रिलला आधी तेच तपासायचं. मॅनेजमेंटकडे न्यायला याच्यासारखा कागद नाही. ट्रेनिंगचा फायदा काय असं विचारलं तर मी सर्टिफिकेटांची संख्या सांगत नाही, रजिस्टर उघडून दाखवते. आणि हे एक बजावून सांगते, सापडलेली चूक दुरुस्त झाली नाही तर तिसऱ्या ड्रिलला लोक मनापासून येत नाहीत. त्यांना वाटतं, आम्हाला पळवतात आणि ट्रॉली तशीच.

मोजायचं काय? फार नको. पेशंट बोलत नाही हे कळल्यापासून फोन किती सेकंदांत, पहिलं कॉम्प्रेशन किती सेकंदांत, पहिला शॉक किती सेकंदांत, आणि हात छातीवरून किती वेळ उठलेले होते. हा शेवटचा आकडा सगळ्यात जास्त शिकवतो. कॉम्प्रेशनचे नियम सगळ्यांना पाठ असतात, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ सेंटिमीटर तरी पण ६ च्या वर नाही, छाती पूर्ण वर येऊ द्यायची, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, मधला प्रत्येक थांबा १० सेकंदांच्या आत. पाठ असतं, होत मात्र नाही. एकूण वेळेपैकी निदान ६० टक्के वेळ कॉम्प्रेशन चालू असायला हवं, चांगल्या टीमने ८० चं टार्गेट ठेवावं, आणि पहिल्या ड्रिलचा व्हिडिओ लावून सेकंद मोजले की लोकांचे चेहरे बघण्यासारखे असतात, कारण सगळ्यांना वाटत असतं की आपण सतत दाबतच होतो.

दुसरी सवय अंबू बॅगची, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीची. घाबरलेला माणूस बॅग भाता मारल्यासारखी मारतो. ट्यूब टाकल्यावर सहा सेकंदांना एक श्वास, म्हणजे मिनिटाला १०, एवढंच हवं. २००४ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, अ‍ॅम्ब्युलन्सवर नीट शिकलेले लोक प्रत्यक्ष अरेस्टमध्ये मिनिटाला सरासरी ३० श्वास देत होते. छातीत दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, म्हणजे एकाने छाती दाबून मिळवलेलं दुसऱ्याने बॅग दाबून घालवायचं. ड्रिलमध्ये मी बॅगवाल्याला मोठ्याने आकडे मोजायला लावते, लाजतात सुरुवातीला, मग सवय होते. कॅप्नोग्राफ (बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) असेल तर ड्रिलमध्येही त्याचा आकडा सांगत राहा. १० च्या खाली असेल तर आधी कॉम्प्रेशनकडे बघायचं, आणि एकदम उसळी मारून वर गेला तर पेशंट परत आला असण्याची शक्यता, हे डोळ्याला ओळखता आलं पाहिजे.

ड्रिल घ्यायची पद्धत. जुनी पद्धत म्हणजे दहा मिनिटं सीन चालवायचा, मग बसून अर्धा तास चर्चा. ती वाईट नाही, पण पहिल्या दोन मिनिटांच्या हातकामासाठी मला ती आता पटत नाही, कारण चर्चेत कळलेलं परत करून बघायला वेळच उरत नाही आणि माणसं चुकीचंच शेवटचं आठवत घरी जातात. त्यापेक्षा थांबा, मागे जा, परत करा. जॉन्स हॉपकिन्सच्या एलिझाबेथ हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लहान मुलांच्या विभागातल्या रेसिडेंटवर ही पद्धत वापरून त्याबद्दल लिहिलं, तिचं नाव रॅपिड सायकल डेलिबरेट प्रॅक्टिस. नाव मोठं आहे पण गोष्ट तीच जी तबला शिकवणारा करतो, चुकलास, थांब, समेपासून परत.

उदाहरण देते. नाइट ड्यूटीची टीम, चार जण. रिदम व्हीएफ, म्हणजे हृदय नुसतं थरथरतंय, शॉक द्यायलाच हवा. पॅड लागले, लीडर म्हणाले "चार्ज करा", आणि सगळ्यांनी हात काढले. मशीन चार्ज होतंय, सगळे स्क्रीनकडे बघतायत, कोणीतरी विचारलं "हे व्हीएफच ना?", कोणीतरी ऑक्सिजन बाजूला केला, मग "क्लिअर", मग शॉक. मी स्टॉपवॉच दाखवलं, हात २६ सेकंद हवेत. २००६ मध्ये ६० पेशंटवरचा एक अभ्यास आला होता, लहानच, पण त्यात शॉकच्या आधीचा थांबा ५ सेकंदांनी कमी झाला की शॉक यशस्वी होण्याचे ऑड्स (शक्यतेचं एक माप) १.८६ पट झाले होते. तर २६ सेकंद म्हणजे काय ते तुम्हीच बघा. भाषण न देता मी एवढंच म्हटलं, चार्ज होत असताना कॉम्प्रेशन चालू ठेवा, परत करा. दुसऱ्यांदा १५ सेकंद. मग सांगितलं की दोन मिनिटं पूर्ण व्हायच्या पंधरा सेकंद आधीच चार्ज करा, दाबणारी व्यक्ती सोडून बाकीच्यांनी तेव्हाच मागे सरका, ऑक्सिजन तेव्हाच बाजूला. तिसऱ्यांदा ९. चौथ्यांदा लीडरने आधीच सांगून ठेवलं की मी रिदम बघून एकच शब्द बोलेन, शॉक किंवा नो शॉक. ६ सेकंद. आणि शॉकनंतर नाडी चाचपत बसायचं नाही, लगेच हात परत छातीवर, हे पाचव्यांदा. सगळं मिळून बारा मिनिटं. त्या चौघांनी पुढच्या महिन्यात एक खरा कोड केला, त्यातल्या सिस्टर मला जिन्यात भेटल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मॅडम, हात आपोआप गेले." मला अजून काय हवं.

फक्त ही पद्धत वापरताना आधी सांगून टाका की मी मध्येमध्ये थांबवणार आहे आणि थांबवणं म्हणजे ओरडा नव्हे. न सांगता थांबवलं तर माणूस तिथेच गार पडतो.

आता टीमचं बोलणं, कारण खरा गोंगाट तिथे असतो. "कोणीतरी अ‍ॅड्रिनॅलिन द्या." हे वाक्य प्रत्येक कोडमध्ये ऐकू येतं. कोणीतरी नावाचा स्टाफ आपल्या ड्यूटी रोस्टरवर नाहीये! एकतर कोणीच देत नाही किंवा दोघं देतात, मग कितवा डोस झाला यावर वाद. नाव घेऊन सांगायचं, समोरच्याने तेच परत म्हणायचं, झालं की "अ‍ॅड्रिनॅलिन १ मिलिग्रॅम दिलं, वेळ अमुक" असं मोठ्याने, आणि लिहिणाऱ्याने लिहायचं. लिहिणारी व्यक्ती वेगळीच हवी, तीच दर दोन मिनिटांनी आणि दर तीन ते पाच मिनिटांच्या डोसला आठवण करते. नाव माहीत नसेल तर? रात्रीच्या टीममध्ये अर्ध्या लोकांना एकमेकांची नावं माहीत नसतात. आम्ही सोपं केलं, शिफ्ट सुरू होताना कोड टीमने दोन मिनिटं फोनवर किंवा समोरासमोर ठरवायचं, आज लीडर कोण, एअरवे कोण, कॉम्प्रेशन कोण, औषधं कोण, लिहिणार कोण. छातीला चिकटवायचे स्टिकर पण ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात ठेवलेत. लीडरने बेडच्या पायाशी उभं राहायचं, हात मागे. हे ऐकायला सोपं आहे पण आपल्या सीनियर डॉक्टरांना ट्यूब दिसली की हात शिवशिवतात, आणि लीडर डोक्याशी वाकला की टीमचं डोकं गेलं समजा.

हे सगळं विमानवाल्यांकडून आलंय. १९७७ मध्ये टेनेरीफच्या विमानतळावर दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. धुकं होतं, रेडिओवर शब्द एकमेकांवर आदळले होते, आणि कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनियरने दुसरं विमान अजून धावपट्टीवर नाही ना अशी शंका बोलून दाखवली होती पण ती पुढे गेली नाही, कॅप्टन फार सीनियर होता. पुढे १९७९ मध्ये नासाने यावर वर्कशॉप घेतलं, कॉकपिटमधल्या लोकांनी एकमेकांशी कसं बोलावं याचं ट्रेनिंग सुरू झालं, आणि स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा या भूलतज्ज्ञांनी ते सिम्युलेटरसकट ऑपरेशन थिएटरमध्ये आणलं. मी ही गोष्ट सीनियर कन्सल्टंट बसलेले असताना मुद्दाम सांगते. इंजिनियरच्या जागी कोण आहे हे त्यांना सांगावं लागत नाही.

एका ड्रिलमध्ये मी मुद्दाम लीडर सरांना गुपचूप सांगून ठेवलं होतं की तुम्ही असिस्टोलला (सपाट रेघ, जिथे शॉक द्यायचा नसतो) शॉक द्यायला सांगा. बघू कोण अडवतं. चार जणांपैकी तिघांना चूक कळली होती, नंतर कबूल केलं, पण बोललं कोणीच नाही. एका सिस्टरचा हात बटणापर्यंत गेला होता. नंतर मी विचारलं, "हात बटणावर होता तेव्हा मनात काय चाललं होतं?" ती म्हणाली, "मला वाटलं सरांना असं काहीतरी दिसत असेल जे मला दिसत नाहीये." यावर ते सर स्वतः म्हणाले, मला तर घामाने मॉनिटरच नीट दिसत नसतो कित्येकदा, प्लीज बोलत जा. ते एक वाक्य माझ्या दहा लेक्चरांना भारी पडलं. पण हा प्रयोग पहिल्या दिवशी करू नका हं, टीमचा विश्वास बसल्यावरच, आणि संपल्याबरोबर लगेच सांगून टाकायचं की हे ठरवून केलेलं होतं. लोकांना फसवल्यासारखं वाटलं तर परत येणार नाहीत.

यातूनच डिब्रीफिंगकडे, म्हणजे ड्रिलनंतरच्या चर्चेकडे, येते. "तू हे का नाही केलंस" हा प्रश्न बंद. त्याच्याऐवजी जे दिसलं ते सांगायचं, त्याची काळजी का वाटली ते सांगायचं आणि मग विचारायचं की तुझ्या बाजूने काय चाललं होतं. "१८ सेकंद कॉम्प्रेशन थांबलं होतं, मला वाटलं ट्यूबची वाट बघत होतात, तुम्हाला काय वाटत होतं?" उत्तर ऐकून घ्या, बरेचदा कारण भलतंच निघतं. आमच्याकडे एकदा कारण असं निघालं की दाबणाऱ्याला मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला, त्याला वाटलं थांबायला सांगितलं. ड्रिलमधली कामगिरी अप्रेझलला लागणार नाही, व्हिडिओ बघून झाला की त्याच दिवशी डिलीट, हे मॅनेजमेंटकडून लेखी घ्या. एकदा मी याकडे दुर्लक्ष केलं, एका नव्या सिस्टरची चूक कोणीतरी कॅन्टीनमध्ये हसत सांगितली, त्या वॉर्डात पुढचे चार महिने ड्रिलच्या दिवशी अचानक सगळ्यांच्या सुट्ट्या असायच्या. चूक माझी होती, मी पहिल्या दिवशी नियम सांगितलाच नव्हता.

सेफ्टीचं पटकन. ड्रिलची औषधं वेगळी, त्यांच्यावर ठळक लेबल, आणि संपल्यावर मोजून परत, पाणी भरलेलं एक जरी ॲम्प्यूल खऱ्या ट्रॉलीत राहिलं तर काय होईल ते सांगायला नको. ट्रॉली वापरली असेल तर भरून, तपासून, सील करूनच तिथून हलायचं. खरा शॉक फक्त त्यासाठी बनवलेल्या मॅनिकिनवर, नाहीतर ट्रेनर मशीन. शेजारच्या पेशंटना आणि नातेवाईकांना आधी सांगायचं, मला तर असा अनुभव आहे की कळल्यावर त्यांना बरंच वाटतं. आणि वॉर्डात माणसं कमी असतील, एखादा पेशंट सीरियस असेल, तर ड्रिल रद्द, कुरकुर न करता. गेल्याच आठवड्यात वॉर्डात खरा अरेस्ट होऊन पेशंट गेला असेल तर आधी तिथल्या लोकांशी बोला, त्याच बेडवर ड्रिल लावू नका.

मॅनिकिनबद्दल राहिलंच. पहिली रेससी ॲन १९६० मध्ये आली, ती बनवणारे आस्मुंड लेर्डाल हे नॉर्वेतले खेळणी तयार करणारे होते, आणि तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत सापडल्याचं सांगतात त्या अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतलेला. त्याच वर्षी बाहेरून छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येतं हे दाखवणारा कौवेनहोवन, जूड आणि निकरबॉकर यांचा पेपर आला होता. म्हणजे पद्धत आणि बाहुली जवळपास बरोबरच जन्मल्या, आणि बाहुली खेळणीवाल्याने केली. सांगायचं एवढंच की पहिल्या वर्षी तुम्हाला दाबण्याची खोली आणि वेग दाखवणारं अर्धं धड, आणि रिदम दाखवायला एक टॅब्लेट पुरतो, तोही नसेल तर कागदावर छापलेले रिदम हातात धरा. मी कित्येक ड्रिल तशा घेतल्यात. महागाचं मॅनिकिन कुठे कामाला येतं तर आयसीयू, थिएटर, लेबर रूममध्ये, जिथे टीमला पहिली दोन मिनिटं जमतात आणि आता कारण शोधायचंय. पोटॅशियम वाढलेला डायलिसिसचा पेशंट, व्हेंटिलेटरवर न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती हवा साठणं), गरोदर बाई जिथे एकाने गर्भाशय डावीकडे सरकवून धरायचं असतं आणि पाच मिनिटांत बाळ बाहेर काढण्याची तयारी अरेस्ट झाल्याझाल्याच सुरू करावी लागते. अशा केसेस वर्षानुवर्षं दिसत नाहीत, म्हणून त्यांची ड्रिल हवीच. तर मॅनेजमेंट देत असेल तर नाही म्हणू नका, फक्त पहिलं वर्ष आधी असं काढा आणि मग मागा.

किती वेळा? वर्षातून एकदा पूर्ण दिवस यापेक्षा महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं. आणि ड्यूटी रूमच्या कोपऱ्यात एक अर्धं धड कायमचं ठेवून द्या, येता जाता दोन मिनिटं दाबायचं. दिव्यांच्या नादाने लोक आपसात स्पर्धा लावतात, लावू द्या. रात्रीच्या शिफ्टला वगळू नका, आकडे सगळ्यात वाईट तिथेच येतात आणि सगळ्यात पटकन सुधारतात पण तिथेच. सुरुवातीच्या दोनतीन ड्रिल सांगून करा, मग न सांगता. न सांगता करायच्या तेव्हाही टेलिफोन ऑपरेटर, त्या वॉर्डाच्या इनचार्ज आणि त्या वेळचे आयसीयूचे डॉक्टर या तिघांना माहीत पाहिजे, नाहीतर खऱ्या कोडसाठी माणसं उरत नाहीत.

मॅनेजमेंटला सहा महिन्यांत जगण्याचं प्रमाण वाढेल असं आश्वासन मात्र देऊ नका. एका हॉस्पिटलमध्ये अरेस्ट मोजकेच होतात, त्यावरून आकडा कधी वर कधी खाली दिसेल आणि तुम्ही अडकाल. काम कसं झालं ते मोजा. नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २००८ मध्ये खऱ्या कोडचे रेकॉर्ड तपासले होते, सिम्युलेटरवर शिकलेल्या रेसिडेंटनी लीड केलेल्या कोडमध्ये ६८ टक्के गोष्टी एसीएलएसच्या नियमाप्रमाणे झालेल्या, नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्यांमध्ये ४४ टक्के. असा आकडा तुम्ही तुमच्या कोडशीटवरून (कोडच्या वेळी भरायचा नोंदीचा कागद) स्वतः काढू शकता, फक्त कोडशीटवर वेळा खऱ्या लिहिल्या जायला हव्यात, नंतर अंदाजाने भरलेल्या नाही. त्यासाठी खरा कोड झाल्यावर पाच मिनिटं तिथेच उभ्या उभ्या बोलायची सवय लावा, डिफिबच्या मेमरीत वेळा असतात त्या लगेच बघून घ्या.

कन्सल्टंट येत नाहीत ही तक्रार प्रश्नात होती. नाही येत सुरुवातीला. त्यांच्या मागे लागू नका, त्यांच्या वॉर्डाचा पहिल्या शॉकचा वेळ शेजारच्या वॉर्डाच्या वेळेसोबत नोटीस बोर्डावर लावा, नावं न घालता, फक्त वॉर्ड आणि सेकंद. आमचे सर्जरीचे सर तिसऱ्या महिन्यात आपणहून आले आणि विचारायला लागले की आमचे १९० सेकंद का लागले. हार्ड बोर्ड कपाटामागे होता म्हणून, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी कपाट हललं.